मामांचा पाच लिटरचा डबा

परवा फोनवर तुमच्यापैकी धाकटीनं विचारलं, "आजी, नेफ्रॉन नेमकं करतं काय?" तिला शाळेत त्याची आकृती काढून न्यायची होती. मी जालन्यात मुलींच्या शाळेत आयुष्यभर विज्ञान शिकवलं, त्यामुळे उत्तर तयार होतं. पण समोर सोफ्यावर गल्लीतल्या चार जणी हळदीकुंकवाला आलेल्या होत्या. त्यांच्यादेखत 'लघवी' हा शब्द मोठ्यानं म्हणायचा धीर मला, बी.एस्सी. झालेल्या आणि निवृत्तीवेतन घेणाऱ्या बाईला, झाला नाही. "लिहून पाठवते," म्हणाले आणि फोन ठेवला.

माझं स्वतःचं शिक्षण इंग्रजीतून झालं. इंग्रजीत या विषयाला लाज नसते, की आपल्याला इंग्रजी पुरेसं येत नसल्यामुळे ती जाणवत नाही, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. मराठीत शिकवायला उभी राहिले तेव्हा कळलं की आमच्या शाळेत उत्सर्जनाचा धडा कोणी शिकवतच नसे. माझ्या आधीच्या बाई "हा घरी वाचा" म्हणून पुढच्या धड्यावर जात. त्यामुळे मुलींच्या वह्यांत माणूस जेवत होता, श्वास घेत होता, त्याचं रक्तही वाहत होतं, पण त्या माणसाला मोरीत जायची गरज कधी पडत नव्हती.

तेव्हा आधी शास्त्र आणि मग गोष्ट. हा क्रम मी मोडणार नाही. ज्याला गोष्टच हवी असेल त्यानं एक पान उलटावं, पण मग काही कळलं नाही तर मला विचारू नये.

तुमच्या पाठीत, कमरेच्या थोडं वर, दोन बाजूंना मुठीएवढी दोन मूत्रपिंडं आहेत. एकेकात सुमारे दहा लाख नेफ्रॉन. प्रत्येक नेफ्रॉनच्या सुरुवातीला अगदी बारीक रक्तवाहिन्यांचा एक गुंता असतो, लोकरीच्या गुंड्यासारखा, आणि तो एका पेल्यात बसवलेला असतो. रक्त दाबानं आत येतं आणि त्यातलं जे जे बारीक आहे, म्हणजे पाणी, मीठ, साखर, युरिया, ते त्या गुंत्याच्या भिंतींतून पेल्यात गळतं. मोठं असेल ते मागे राहतं. रक्तपेशी आणि प्रथिनं मोठी, म्हणून ती रक्तातच राहतात.

लोकांना वाटतं की मूत्रपिंड रक्तातला कचरा शोधून बाहेर टाकतं. तसं नाही. ते मी कपाट आवरते तसं आवरतं. मी कपाटात कचरा शोधत बसत नाही. सगळं कपाट पलंगावर रिकामं करते आणि हवं तेवढंच परत ठेवते. पलंगावर राहिलं ते टाकायचं. पेल्यापासून निघणारी लांब नळी हेच करते. ती केसांतल्या आकड्यासारखी खाली जाऊन वळते आणि वर येते, आणि जाता जाता गळालेल्यातून साखर सगळी, मीठ बहुतेक आणि पाणी शंभरातले नव्व्याण्णव भाग परत उचलते. शेवटच्या टप्प्याला शरीराकडून निरोप येतो, आज पाणी कमी प्यालोय, जरा जास्त उचल. किंवा आज भरपूर आहे, जाऊ दे. दिवसभरात गळतं एकशे ऐंशी लिटरच्या आसपास, आणि बाहेर पडतं दीड-दोन लिटर. तुमचे आजोबा यावर म्हणायचे की इतकं काढायचं आणि इतकं परत ठेवायचं, म्हणजे हे सरकारी खातं दिसतंय. ते स्वतः बँकेत होते, म्हणून मी वाद घालत नसे.

एवढं मात्र पक्कं लक्षात ठेवा. प्रथिनं पेल्यात पडता कामा नयेत. ती फार पडली तर नळीला उचलवत नाहीत, लघवीतून जातात. आणि रक्तात पाणी धरून ठेवायचं काम तीच करत असल्यामुळे, ती गेली की पाणी रक्तातून सुटून अंगात साचतं. पाय सुजतात. सकाळी डोळ्यांखाली पिशव्या दिसतात.

आता गोष्ट.

तुमचे बाबा तेव्हा तिसरीत होते. आम्ही नवीन जालन्यात राहत होतो, कारण बँक आणि शाळा दोन्ही तिथेच. माझे सासरे, म्हणजे तुमचे पणजोबा, टेंभुर्णीला असत. मी त्यांना मामा म्हणे. सासूबाईंना आत्याबाई. त्यांच्याजवळ माझे धाकटे दीर शेती पाहत, त्यांना मी भावजी म्हणे. गोष्टीत माणसं एवढीच आहेत. एक पाहुणे मध्येच येतील, त्यांची ओळख ते आले की करून देईन.

मामांचा त्या वर्षी कपाशीचा सीड प्लॉट होता. जालन्याच्या कंपन्या शेतकऱ्यांकडून बियाणं तयार करून घेत, तसला. भाद्रपदात मामा आमच्याकडे आले ते वहाणा हातात घेऊन. पायात मावत नव्हत्या. स्टेशनाजवळ एक डॉक्टर होते, मोठ्या डिग्रीचे. त्यांनी मामांच्या नडगीवर अंगठा दाबला. खड्डा पडला आणि तो तसाच राहिला, मळलेल्या कणकेत राहतो तसा. लगेच थोडी लघवी तपासली. प्रथिनं दोन प्लस, म्हणजे बरीच, निघाली.

"मीठ बंद," डॉक्टर म्हणाले. "आणि चोवीस तासांची लघवी एका डब्यात जमा करून आणा. प्रथिनं खरंच इतकी जात असतील तर औरंगाबादला जावं लागेल. तिथे किडनीत सुई घालून बारीक तुकडा काढतात आणि बघतात."

मामांनी त्यातलं 'सुई' तेवढं ऐकलं. बाहेर येईपर्यंत त्यांचं तोंड पायांपेक्षाही जास्त फुगलं होतं.

आता अडचण अशी होती की आख्ख्या घरात नेफ्रॉन काय असतो हे मला एकटीला माहीत होतं, आणि मी मामांशी बोलत नव्हते. भांडण नव्हतं, रीत होती. सासऱ्यांसमोर डोक्यावर पदर घ्यायचा आणि सांगायचं असेल ते सासूबाईंना किंवा नवऱ्याला सांगायचं, म्हणजे ते पुढे पोहोचवतील. तुमचे आजोबा पोहोचवत. पण वडिलांपुढे काय बोलणं शोभत नाही याची त्यांची कल्पना फार व्यापक होती. माझं पूर्ण वाक्य मामांपर्यंत जाईतो त्याचा शंभरावा भाग उरे, आणि नेमका कामाचा भाग वाटेत गळालेला असे.

म्हणून मी लिहून दिलं. रेघांच्या कागदावर, आधी कच्चं आणि मग पक्कं, नऊ मुद्दे. पहाटेची पहिली लघवी टाकून द्यावी आणि त्या वेळेपासून चोवीस तास मोजावेत. दुसऱ्या दिवशी त्याच वेळची घ्यावी. शौचाला जाताना आधी डब्यात. डबा सावलीत ठेवावा. झाकण घट्ट लावावं. डब्यात पाणी, फिनाईल, तुरटी काही टाकू नये. असं सगळं. मला अजून आठवतं, त्या कागदाकडे बघून मला मनापासून समाधान वाटलं होतं. लॅबवाल्यानं पाच लिटरचा पांढरा प्लॅस्टिकचा डबा दिला, त्यावर पाचाची रेघ. डबा आणि कागद घेऊन मामा टेंभुर्णीला गेले. प्लॉटात क्रॉसिंगचं, म्हणजे एका जातीच्या फुलाचे पराग हातानं दुसऱ्या जातीच्या फुलाला लावायचं, काम चालू होतं, ते सोडून चोवीस तास जालन्यात राहायला ते तयार नव्हते.

तिसऱ्या दिवशी भावजी एस.टी.नं डबा घेऊन आले. आत्याबाईंनी त्याला खणाची खोळ शिवली होती, काठासकट, वर नाडी. मला शाळेत जायची घाई होती. भावजींनी खोळ थोडी खाली ओढून दाखवली. डबा पाचाच्या रेघेला बोटभर कमी इतका भरला होता.

"बराबर हाय का वहिनी?"

मला काहीतरी खटकलं. पण पहिली घंटा व्हायला वीस मिनिटं होती, आणि मी कधी उशिरा गेले नव्हते. "बरोबर आहे," म्हणाले. या गोष्टीत माझी एक चूक झाली ती ही. मोठी चूक त्याच्या आधीच झाली होती, ती पुढे येईल.

रिपोर्ट आला त्या दिवशी डॉक्टरांनी तो ट्यूबलाइटकडे धरून वाचला. मामा, तुमचे आजोबा आणि दाराशी मी.

"काका, काय खाता काय तुम्ही? किडन्या पहिलवानाच्या आहेत! प्रथिनंसुद्धा नावाला. त्या दिवशीची तपासणी घाईत झाली असेल."

"मंग सुई?" मामांनी विचारलं.

"कशाला सुई? पाय वर करून झोपत जा."

मामांनी स्टेशनापासून घरापर्यंत चालत येतानाच पेढे घेतले. एक पेढा कंपाउंडरला, एक रिक्षावाल्याला, ज्याच्या रिक्षात ते बसले नव्हते. टेंभुर्णीला पोहोचल्यावर पंधरा दिवसांचं अळणी जेवण त्यांनी एका बैठकीत भरून काढलं, असं आत्याबाई पुढे म्हणाल्या. ठेचा, खारवलेली मिरची, पापड, वर पुन्हा भाकरीवर मिठाचे खडे. गावात ज्यानं ज्यानं तब्येतीचं विचारलं त्याला मामा सांगत, "डॉक्टर म्हनला, अशी किडनी जिल्ह्यात न्हाई."

मी कागद फायलीला लावण्याआधी वाचते. न वाचता लावले तर फाईल कशाला? दोन दिवसांनी तो रिपोर्ट लावायला घेतला आणि माझी नजर क्रिएटिनिनच्या आकड्यावर थांबली. क्रिएटिनिन म्हणजे आपल्या स्नायूंमधून रोज निघणारं टाकाऊ द्रव्य. ते पेल्यात गळतं आणि नळी ते परत घेत नाही, जवळजवळ सगळं बाहेर जातं. त्यामुळे ज्याचे जेवढे स्नायू तेवढंच ते रोज निघतं, पाणी जास्त प्या की कमी. सडसडीत, साठी उलटलेल्या माणसाचं किती निघावं हे पुस्तकात असतं. मामांच्या रिपोर्टात त्याच्या तिप्पट होतं. डॉक्टरांना ते पहिलवान वाटले ते यामुळेच. मला पहिलवान दिसला नाही. मला तीन माणसं दिसली.

आणि तीन माणसांच्या लघवीत एकाची प्रथिनं मिसळली तर लिटरमागे ती 'नावाला'च दिसणार, आणि डॉक्टरांनी तो लिटरमागचा आकडाच पाहिला होता.

रात्रीच्या जेवणाला तुमच्या आजोबांना सांगितलं.

"रिपोर्टवर सही आहे?" त्यांनी विचारलं.

"आहे."

"शिक्का?"

"तोही आहे."

"मग झालं तर."

"अहो, एवढं एका माणसाचं नसतं. यात दुसऱ्या कोणाची तरी आहे."

त्यांनी घास खाली ठेवला. "म्हणजे मी बापासमोर उभं राहून विचारू, दादा, ह्यात कोणाकोणाची आहे?"

"हो."

"तू विचार. सायन्स तुझं आहे."

त्या रविवारी त्यांना बँकेत महत्त्वाचं काम निघालं. त्यांच्या सगळ्या नोकरीत रविवारी निघालेलं ते एकमेव काम. मी एकटी एस.टी.त बसले. पिशवीत शाळेच्या प्रयोगशाळेतला स्पिरिटचा दिवा, दोन परीक्षानळ्या, चिमटा आणि असेटिक आम्लाची लहान बाटली होती. सगळं रजिस्टरात सही करून घेतलं होतं, कारणाच्या रकान्यात 'प्रात्यक्षिक' असं लिहून.

मामा अंगणात बाजेवर बसले होते. पुढ्यात भाकरी आणि ठेचा. पावलं अशी सुजली होती की घोटे कुठे होते ते सांगता आलं नसतं. मी पदर घेऊन आत्याबाईंच्या शेजारी ओट्यावर बसले. मामा माझ्यापासून चार हातांवर.

"आत्याबाई," मी म्हणाले, "मामांना विचारा, डबा एकट्यानं भरला का?"

आत्याबाईंनी मान वळवली. "अहो, सून विचारून राह्यली, डबा एकट्यानं भरला का?"

"तिला म्हनावं, रिपोर्ट पास झाला ना? मंग आता डब्याचं काय काढलं?"

"ते म्हनतेत, रिपोर्ट..."

"ऐकलं मी. त्यांना म्हणा, पास झाला म्हणूनच विचारते."

गोठ्यातून भावजी बाहेर आले. माझ्याकडे न बघता हात धूत म्हणाले, "वहिनी, दुपारपस्तोर डबा पाव बी झाला न्हवता. दादा म्हनले, असा डबा जालन्याला नेला तर रिजेक्ट करतेत."

"करतेतच!" मामांनी भाकरी ठेवली. "पोतं कमी भरलं तर कंपनी लॉट घेती का? न्हाई घेत. त्यानं पाच लिटरचा डबा दिला म्हंजी त्याचा अंदाज पाच लिटरचाच असंल ना? एवढ्या शिकलेल्या मान्साला डब्याचं माप कळत न्हाई व्हय?"

"मंग मी भरला थोडा," भावजी म्हणाले. "दुपारधरनं ताक पिऊन राह्यलो होतो वहिनी. बिलकुल कसर ठिवली न्हाई. तरी भरंना. मंग पाहुणे आल्ते..."

"पाहुणे?" माझा पदर खांद्यावर आला होता, आणि तो परत घ्यायचं मला सुचलं नाही.

"माझा मावसभाऊ," आत्याबाई म्हणाल्या. "बारशाचं बोलावणं घिऊन आल्ता, मुक्कामी राह्यला. चा पाजला, अन् मंग ह्यांनी इनंती केली. बिचारा न्हाई म्हनला न्हाई. जाताना म्हनला, आनखी लागली तर निरोप धाडा."

"म्या काय ऐऱ्यागैऱ्याची घेतली का?" मामा म्हणाले. "घरचीच हाय. एका रक्ताची."

"माझा भाऊ तुमच्या रक्ताचा कवापासून झाला?" आत्याबाईंनी विचारलं. "दिवाळीला तर त्याला बाजूला बसवता."

मी म्हणाले, "आत्याबाई, त्यांना विचारा, प्लॉटात परक्या जातीचं एक झाड दिसलं तर काय करतात?"

हे आत्याबाईंना पोहोचवावं लागलं नाही. एका परक्या झाडानं आख्खं बियाणं भेसळ होतं, म्हणून त्यांनी बायांची आख्खी रांग थांबवून ते उपटलेलं मी पाहिलं होतं. मामा भावजींना म्हणाले, "कागद आन रे."

भावजींनी माझा कागद आणला. हळदीचे डाग पडले होते, पण अक्षर स्वच्छ होतं.

"तिला वाचायला लाव. कुठं लिव्हलंय, दुसऱ्याची चालत न्हाई म्हनून? पानी टाकू नये लिव्हलं, न्हाई टाकलं. तुरटी नको, न्हाई टाकली. सावलीत ठिवला. मंग?"

मी वाचला. नऊच्या नऊ मुद्दे. आणि खरंच कुठे नव्हतं. शौचाला जाताना आधी डब्यात, हे मी लिहिलं होतं. डबा कुत्र्यानं पाडू नये म्हणून काय करावं, हेसुद्धा लिहिलं होतं. लघवी फक्त स्वतःचीच असावी, हे काही मला लिहावंसं वाटलं नव्हतं. ही ती मोठी चूक, आणि ती माझी होती. मी दुसऱ्याच्या चुका शोधायला निघाले होते आणि हातात माझाच कागद होता.

"नाही लिहिलेलं," मी म्हणाले. या वेळी आत्याबाईंना मध्ये घेतलं नाही. भावजींकडे वळले. "भावजी, दोन वाट्या घ्या. एकीत मामांची आणा, एकीत तुमची. थोडीशीच. मिसळू नका."

मामांना कंपनीची उगवण-चाचणी कधी पटत नसे. कंपनीनं पास केलेल्या बियाण्यातले शंभर दाणे ते स्वतः ओल्या पोत्यात गुंडाळत आणि पाचव्या दिवशी स्वतः मोजत. डोळ्यांसमोर झालेली तपासणी ते मानत, हे मला माहीत होतं, आणि माझा सगळा भरवसा त्यावर होता.

ओट्यावर दिवा पेटवला. आधी भावजींची नळी धरली. वरचा भाग उकळला, दोन थेंब आम्ल टाकलं. पाण्यासारखी स्वच्छ राहिली. भावजी उगाचच खुश झाले. मग मामांची. उकळी येता येता वरच्या भागात पांढरं धरू लागलं. मी आम्ल टाकलं. काही वेळा नुसत्या क्षारांनी गढूळ होतं, ते आम्लानं विरतं. हे विरलं नाही. उलट दाट झालं आणि ढगासारखं खाली उतरलं.

मामा उठून आले. पायांवर भार टाकताना त्यांचं तोंड वाकडं झालं. नळी त्यांनी चिमट्यासकट माझ्या हातातून घेतली, उजेडाला धरली, भावजींची नळी शेजारी धरली.

"हे काय?" त्यांनी थेट मला विचारलं. लग्नाला दहा वर्षं झाली होती, त्यांनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न.

"अंड्यातलं पांढरं शिजलं की असंच होतं, मामा. हे तुमच्या रक्तातलं आहे. ते रक्तातच राहायला हवं."

"मंग हितं कसं आलं?"

दहा लाख नेफ्रॉन, पेले, नळ्या, कपाट, सगळं माझ्या जिभेवर आलं आणि मी ते गिळलं. "आत बारीक चाळणी असते. बारीक ते खाली पडायचं, मोठं वर राहायचं. हे मोठं आहे. खाली पडलंय."

"चाळणी फाटली म्हन की."

"हो."

"शिवता येती का?"

इतकी वर्षं मी हा धडा शिकवत होते. एकाही मुलीनं हे विचारलं नव्हतं, आणि तपासायला आलेल्या साहेबांनीही नाही.

"कधी कधी येते," मी म्हणाले. "पण कशानं फाटली ते आधी बघावं लागतं. सुई त्यासाठीच. आणि मीठ खाल्लं तर तोवर पाणी वाढत जातं."

मामा बाजेवर जाऊन बसले. स्वतःचाच अंगठा नडगीवर दाबला आणि खड्डा भरून यायची वाट बघत राहिले. तो भरायला फार वेळ लागला. मग त्यांनी ठेच्याची थाळी आत्याबाईंकडे सरकवली.

"उचल हे."

दुसरा डबा आमच्या जालन्याच्या घरी झाला. मी नवा कागद लिहिला आणि दहावा मुद्दा लाल शाईनं घातला. मामांना वाचायला चष्मा लागे, तरी त्यांनी तो मुद्दा मोठ्यानं, शेजारी ऐकू जाईल असा वाचला. चोवीस तास ते मोरीतून बाहेर आले की डब्याकडे बघून खिन्न होत. तुमच्या आजोबांनी एकदा सहज म्हटलं, "दादा, थोडं पाणी जास्त प्या," तर मामांनी त्यांना असं झापलं की ते पुन्हा त्या बाजूला फिरकले नाहीत. सकाळी डबा पाव भरला होता. मामा तो स्वतः घेऊन गेले, खोळ न घालता. मी रजा काढून मागे गेले.

लॅबवाल्यानं डबा हलवून पाहिला. "एवढीच?"

"कमी हाय," मामा म्हणाले. "पन एकट्याची हाय."

या वेळी रिपोर्टात प्रथिनं भरपूर निघाली. क्रिएटिनिन एका सडसडीत म्हाताऱ्याचं. डॉक्टरांनी पहिल्या रिपोर्टाबद्दल काही विचारलं नाही, आम्हीही काही सांगितलं नाही. औरंगाबादची चिठ्ठी लिहून दिली. तिथे मामांना पालथं झोपवून सुई घातली. तुकडा निघाला शेवईच्या तुकड्याएवढा. मामांनी मान वळवून तो पाहिला आणि डॉक्टरांना म्हणाले, "एवढ्याशात लॉट कळंल का?" कळला. गोळ्यांना दाद देणारा प्रकार होता, पण महिनोन्महिने घ्याव्या लागणार होत्या आणि दाद देईलच अशी हमी कोणी दिली नाही.

मामा त्या हिवाळ्यात आमच्याकडेच राहिले. आता ते माझ्याशी सरळ बोलत, आणि बोलायचा विषय एकच असे.

"सूनबाई, भाजीत मीठ न्हाई."

"नाहीच आहे, मामा."

"चिमूट?"

"नाही."

"सायन्स शिकलेल्या सुनेच्या घरी खायला येऊ नये मान्सानं. गावात गेलो असतो तर बरं झालं असतं."

दर रविवारी सकाळी मी दिवा पेटवायची. पहिले काही आठवडे नळीत ढग तसाच उतरे, आणि मामा त्या दिवशी जेवताना बोलत नसत. मग तो विरळ दिसू लागला. मामा नळी स्वतः धरू लागले. माझा हात हलतो म्हणाले.

पुढे एका रविवारी नळी उकळली, आम्ल टाकलं, आणि काहीच झालं नाही. मामांनी ती खिडकीशी नेली, फिरवली, डोळ्यांजवळ धरली.

"तुझं ॲसिड जुनं झालं असंल. आनखी टाक."

आणखी टाकलं. नळीच्या पलीकडची खिडकीची जाळी स्पष्ट दिसत होती.

"दुसऱ्या नळीत कर."

दुसऱ्या नळीत केलं. तीही स्वच्छ. मामा बराच वेळ दोन्ही नळ्या धरून उभे राहिले. मग मोरीत जाऊन त्यांनी त्या स्वतः विसळल्या, फडताळावर पालथ्या घातल्या आणि टेंभुर्णीची दुपारची गाडी किती वाजता आहे ते विचारलं. कपाशी वेचणीला आली होती.

मी वेळ सांगितली. मिठाचं त्यांनी विचारलं नाही. ते विचारणार होते हे मला माहीत होतं, म्हणून मीच आधी सांगितलं, "अजून नाही."